डायफ्राम पंप मधेच थांबतो आणि आपोआप सुरू होतो: पावसाळ्यातली हमखास अडचण

जून ते सप्टेंबर मला सगळ्यात जास्त वेळा येणारा फोन एकच. "दादा, पंप बसला."

हवेवर चालणारा डायफ्राम पंप. कोणी त्याला एओडीडी म्हणतं, कोणी डबल डायफ्राम, कोणी नुसता हवेचा पंप. छान ठोके देत चाललेला असतो. वीस-पंचवीस मिनिटांनी ठोका मंदावतो, मग बंदच. कोणीतरी जाऊन बघतं, काही सापडत नाही. दहा-पंधरा मिनिटं जातात आणि पंप आपला आपण सुरू होतो. "झाला चालू" म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पंप थांबतो याची मला तितकी काळजी नाही. तो कोणी हात न लावता सुरू होतो, याची आहे.

मी कोकणातल्या एका रासायनिक कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तिथे ४८ टक्क्यांची कॉस्टिक लाय, म्हणजे कॉस्टिक सोड्याचं पाण्यातलं जळजळीत द्रावण, टाकीतून ड्रममध्ये भरायला दीड इंची पॉलिप्रॉपिलीनचा पंप आहे. जुलैची दुपारची पाळी, बाहेर धो धो पाऊस. चौथ्या ड्रमवर पंप थांबला. हेल्पर नवा होता, पण कामाचा मुलगा. त्याने होज ड्रममधून काढला, तोंड जमिनीवर टेकवलं आणि मला बोलवायला आला. हवेचा कॉक उघडाच राहिला.

मी येऊन पंपापाशी उकिडवा बसलो. मफलरवर, म्हणजे वापरलेली हवा जिथून बाहेर पडते तिथल्या आवाज दाबणाऱ्या डबीवर, पांढरा थर होता, फ्रीजरच्या कडेला साठतो तसा खरखरीत, आणि खालच्या टोकाला पाण्याचा एक थेंब लोंबत होता. तो पडला, दुसरा जमायला लागला. मी मागे वळून त्याला विचारत होतो, "हवा बंद केलीस ना रे?" तेवढ्यात पंपाने ठोका दिला. हा पंप एका ठोक्याला जवळजवळ लिटरभर माल ढकलतो. होजने फणा काढल्यासारखी उसळी घेतली. लाय माझ्या एप्रनवर आली आणि त्याच्या उजव्या पोटरीवर.

डोळ्यांवर गॉगल होते म्हणून डोळे वाचले. कॉस्टिक अंगावर पडल्या पडल्या फारसं झोंबत नाही, साबणासारखं बुळबुळीत लागतं. म्हणून पोरं ते फडक्याने पुसतात. पुसू नका. त्याला तसाच धरून शॉवरखाली नेला, पँट कात्रीने कापून काढली, २० मिनिटं घड्याळ लावून पाण्याखाली उभा केला आणि मग डॉक्टरांकडे नेला. त्याच्या पोटरीवर तळहाताएवढा डाग अजून आहे. तो डाग दिसला की मला वाटतं, एक कॉक पाव वळसा फिरवायचा होता, आणि ते त्याला शिकवायचं काम माझं होतं.

होतं असं की, या पंपाला मोटर नाही. दोन डायफ्राम म्हणजे दोन लवचिक पडदे, मधे त्यांना जोडणारा दांडा. एअर व्हॉल्व्हमधला स्पूल, म्हणजे मागे-पुढे सरकणारा तुकडा, हवा एकदा या डायफ्रामच्या मागे सोडतो, एकदा त्या. एका बाजूने माल ढकलला जातो, तेव्हाच दुसऱ्या बाजूने ओढला जातो. प्रत्येक ठोक्याला वापरलेली हवा मफलरमधून झटक्यात बाहेर पडते. दाबातून सुटलेली हवा गार पडते. सायकलच्या ट्यूबची हवा सोडताना व्हॉल्व्हवर बोट धरून बघा, गार लागेल. इथे हवा ५-६ बारवरून एकदम मोकळी होते, तीही मिनिटाला कितीतरी वेळा. एक्झॉस्टच्या वाटेतलं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं. हवेत पाणी असेल तर त्याचा तिथेच बर्फ होतो, मग शेडमध्ये ३० अंश का असेनात. आधी मफलरची छिद्रं बुजतात, मग बर्फ आत स्पूलपाशी सरकतो. हवेला बाहेर पडायला वाट नाही म्हणून पंप थांबतो. पंप थांबला की गारवाही थांबतो, बर्फ वितळायला लागतो. पण कॉक उघडा असल्यामुळे लाइनची हवा मागे दाब देऊन उभीच असते. वाट मोकळी झाली की पहिला ठोका पडतो. तेव्हा जवळ कोण आहे, होजचं तोंड कुठे आहे, हे पंपाला कुठलं कळायला?

आता पाणी येतं कुठून. कॉम्प्रेसर हवेबरोबर त्यातली वाफही ओढतो. पावसाळ्यात ३० अंशांना, ८५ टक्के आर्द्रतेला एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी असतं. ७ बारवर दाबलेल्या एक घनमीटरमध्ये बाहेरची ८ घनमीटर हवा कोंबलेली असते, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास पाणी. पण ४० अंशांची एक घनमीटर हवा, दाब कितीही असो, ५० ग्रॅमच्या आसपासच वाफ धरू शकते. बाकीचं दीडशे ग्रॅम पाणी होऊन खाली पडतं. १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा ओढणारा) कॉम्प्रेसर आठ तास पूर्ण भाराने चालला तर हा हिशेब २५ लिटरच्या पुढे जातो. पाळीला दीड बादली पाणी! ते रिसीव्हरच्या, म्हणजे दाबाची हवा साठवणाऱ्या टाकीच्या, तळाला नाही सापडलं तर कुठे गेलं, याचं उत्तर तुमच्या पंपाच्या मफलरवर पांढरं दिसतंय.

आमच्याकडे रिसीव्हरचा ऑटो ड्रेन, म्हणजे पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, गंजाच्या चिखलाने बुजलेला होता. बाहेरून बघताना सगळं ठीक. हाताचा कॉक उघडला तर पाच-सहा मिनिटं नुसतं तांबूस पाणीच येत राहिलं. त्याहून वाईट म्हणजे पंपाकडे येणारी हवेची फांदी मुख्य लाइनच्या पोटातून काढलेली होती, त्यामुळे लाइनच्या तळाशी साचलेलं पाणी थेट पंपात उतरत होतं. फांदी नेहमी पाइपच्या डोक्यावरून काढायची, हंसाच्या मानेसारखी वाकवून खाली आणायची, आणि शेवटच्या टोकाला ड्रेन कॉक द्यायचा. हे पाइप फिटरला पाठ असतं. पण घाईत कोणीतरी जवळचा रस्ता धरतो आणि पुढची दहा वर्षं सगळे पंपाला शिव्या देतात.

थांबलेला प्रत्येक पंप बर्फानेच थांबतो असं नाही, म्हणून आधी ओळखायला शिका. हात न लावता दहा-वीस मिनिटांनी सुरू झाला आणि मफलर गार किंवा पांढरा असेल तर बर्फ. मफलर कोरडा, साध्या तापमानाचा, आणि पुढचा व्हॉल्व्ह उघडताच पंप चालू झाला तर तो बिघाडच नाही. पुढची वाट बंद असली की हा पंप दाब धरून थांबतो, हवाही खात नाही. त्याचा गुणच आहे तो. ठोका पडत नाही पण मफलरमधून हवा सतत फुसफुसतेय, तर स्पूल किंवा त्याचे सील गेलेत, नाहीतर डायफ्राम. ठोके भराभर पडतायत पण माल येत नाही, तर सक्शनला (माल ओढायच्या बाजूला) हवा ओढली जातेय, जाळी बुजलीय किंवा माल मागे येऊ न देणारा बॉल सीटवर बसत नाही. ठोका लंगडा पडतोय, एक जोरात एक पोकळ, तर एकाच बाजूचा बॉल बघा.

एक लक्षण मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळं. डिलिव्हरीच्या (पंपातून बाहेर पडणाऱ्या) मालात हवेचे बुडबुडे, किंवा मफलरमधून माल किंवा त्याचा वास. डायफ्राम फाटलाय. "एवढा ड्रम होऊ दे" नाही. त्याच क्षणी हवा बंद, मग सक्शन बंद. फाटलेल्या डायफ्राममधून माल हवेच्या बाजूला जातो आणि मफलरमधून फवारा होऊन माणसाच्या तोंडाच्या उंचीवर उडू शकतो. घातक मालाच्या पंपावर मफलर शेडमध्ये उघडा सोडू नये, एक्झॉस्ट पाइपने सुरक्षित जागी न्यावा, तो यासाठीच. पाइप एक्झॉस्टच्या भोकापेक्षा मोठा घ्या, बारीक घेतलात तर बर्फ अजून लवकर धरेल. टाकीची पातळी पंपाच्या वर असेल तर एक्झॉस्टचं टोक त्या पातळीच्याही वर हवं, नाहीतर डायफ्राम फाटल्यावर पंप बंद असतानाही आख्खी टाकी त्या वाटेने रिकामी होईल.

बर्फ धरला की लोक काय करतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. कोणी गरम पाणी ओततो. कोणी पाना घेऊन एअर व्हॉल्व्हवर ठोकतो. कोणी मफलरच काढून ठेवतो. हवा चालू असताना यातलं काहीही करणं म्हणजे भरलेल्या बंदुकीचा घोडा चाचपणं. गरम पाण्याने बर्फ एकदम सुटतो, पान्याच्या ठोक्याने अडकलेला स्पूल सरकतो, आणि दोन्ही वेळा पंप तुमचे हात त्याच्यावर असतानाच चालू होतो. मफलर काढला तर पंप धावतो खरा, पण आवाज कान फोडणारा असतो. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे, उघडा पंप ती सहज ओलांडतो. शिवाय मोकळ्या भोकातून बर्फाचे तुकडे गोळीसारखे सुटतात.

आणखी एक युक्ती आहे, तिच्याबद्दल मला जास्त भीती वाटते. सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये नायट्रोजनची लाइन हाताशी असते. कोणाच्या तरी लक्षात येतं की नायट्रोजन कोरडा, त्यावर पंप चालवला की बर्फ धरत नाही. हे खरं आहे, आणि म्हणूनच घात होतो. पंपातून जेवढा नायट्रोजन जातो तेवढा मफलरमधून खोलीत येतो. बंद खोलीत, खड्ड्यात, टाकीभोवतीच्या बंदिस्त कठड्यात (डाइकमध्ये) तो हवेतला ऑक्सिजन कमी करतो. नायट्रोजनला वास नाही, घसा खवखवत नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस उभ्या उभ्या कोसळतो आणि त्याला उचलायला धावलेला दुसराही. नायट्रोजनवर पंप चालवायची खरंच गरज असेल तर एक्झॉस्ट बाहेर मोकळ्यावर न्यायचाच, त्यात तडजोड नाही.

आम्ही शेवटी काय केलं ते सांगतो. ड्रेन साफ केला, फांदी वरून घेतली, पंपाआधी ५ मायक्रॉनचा फिल्टर आणि हवेचा दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर बसवला. फिल्टरच्या वाडग्यातलं पाणी पाळीत दोनदा काढायचं ठरवलं. एवढ्याने निम्मा फरक पडला. उरलेला निम्मा फरक पडला तो दाबाने, आणि त्याला एक पैसाही लागला नाही.

पंप वर्षानुवर्षं ६ बारवर चालत होता. का? लाइनला ६ होते म्हणून. हा पंप एकास एक असतो, जेवढा हवेचा दाब तेवढाच जास्तीत जास्त मालाचा दाब. मग आम्ही हिशेब केला. पंपातून निघालेली लाइन वरून फिरून ड्रमपाशी उतरते, चढण ८ मीटर. लायची घनता पाण्याच्या दीडपट, म्हणजे पाण्याची १२ मीटर, म्हणजे सव्वा बारच्या जरा खाली. होज आणि वळणांचं नुकसान धरून अडीच-तीन बार भरपूर झाले. रेग्युलेटर ३ वर आणला. आता दोनशे लिटरचा ड्रम भरायला पूर्वीपेक्षा दोन मिनिटं जास्त लागतात. पण मफलर फक्त ओलसर होतो, पांढरा होत नाही. पूर्वी चौथ्या ड्रमवर अडणारा पंप सगळी पाळी न थांबता चालतो. ज्यांना घाई होती त्यांनाच हे आधी पटलं.

दाब उतरवल्याचा दुसरा फायदा नंतर कळला. टाकी संपत आली की पंप पूर्वी रिकामाच सुसाट सुटायचा. तसं सुसाट कोरडं धावणं डायफ्रामला फार बाधतं. आता तो वेगच धरत नाही. डायफ्राम बदलायची वेळ लांबली.

एअर व्हॉल्व्हमध्ये तेल किंवा अँटिफ्रीझ सोडावं का, असं बरेच जण विचारतात. हल्लीचे बहुतेक एअर व्हॉल्व्ह बिनतेलाचे असतात, आत कंपनीने लावलेलं ग्रीस असतं. बाहेरून तेल सोडलं की ते ग्रीस धुऊन जातं आणि मग कायम तेल द्यावंच लागतं. तुमच्या पंपाच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं असेल तरच द्या.

आता उघडण्याबद्दल. कॉक बंद केला म्हणजे पंप मेला असं नाही. साध्या बॉल व्हॉल्व्हच्या पुढे, कॉक ते पंप या तुकड्यात, दाबाची हवा कोंडलेली राहते. एक-दोन ठोके मारायला ती पुरते. पुरवठा तोडल्यावर पुढची हवा बाहेर सोडणारा, बाजूला बारीक भोक असलेला कॉक मिळतो. आम्ही प्रत्येक पंपाला तोच लावला आणि कुलूप लावायची सोय केली. तो बंद केला की फुस्स आवाज येतो. तो आवाज ऐकल्याशिवाय माझी माणसं पंपाजवळ बसत नाहीत. त्यानंतर हवेचा होज कपलरमधून काढून बाजूला ठेवायचा. बंद करून जोडलेला नाही, काढलेला. मग सक्शनचा व्हॉल्व्ह बंद. मग डिलिव्हरीचा दाब ड्रेनमधून हळूहळू, तोंड बादलीत धरून उतरवायचा. डिलिव्हरीच्या उभ्या पाइपमध्ये माल भरलेला असतो आणि बॉल त्याला मागे येऊ देत नाहीत, हे विसरून क्लॅम्प सोडणारे फिटर मी पाहिलेत. पंप पाण्याने धुऊन काढला तरी खालच्या मॅनिफोल्डमध्ये (दोन्ही बाजू जोडणाऱ्या पाइपमध्ये) थोडा माल उरतोच. पंप बाकावर नेण्याआधी ट्रेमध्ये उलटा करा आणि निथळू द्या. गॉगल, फेसशील्ड आणि लांब हातमोजे शेवटचा बोल्ट सुटेपर्यंत अंगावर हवेत.

परत जोडल्यावर बोल्ट टॉर्क पान्याने, आलटून पालटून समोरासमोर आवळा. टेफ्लॉनचे डायफ्राम दाबाखाली हळूहळू पसरतात आणि बोल्ट सैल पडतात. पहिल्या दिवसाच्या कामानंतर, हवा तोडून, पुन्हा एकदा आवळायचे. "नवीन डायफ्राम टाकला तरी कडेने गळतो" ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यानेच मिटते.

सॉल्व्हंटवाल्यांसाठी दोन गोष्टी. पंपाला वीज जोडलेली नाही म्हणून ठिणगी नाही, हा समज काढून टाका. वाहत्या सॉल्व्हंटमुळे स्थिर वीज तयार होते. साध्या पॉलिप्रॉपिलीनच्या पंपाला अर्थिंगची वायर बांधून उपयोग नाही, कारण त्यातून वीज वाहतच नाही. धातूचा किंवा वीजवाहक प्लास्टिकचा पंप हवा. पंप, ड्रम, टाकी सगळ्यांना एकमेकांशी जोडून अर्थ द्यायची, आणि होजही वीजवाहक. दुसरी गोष्ट, मेथिलिन क्लोराइडसारखी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट ॲल्युमिनियमच्या पंपात कधीच घालू नका. ती ॲल्युमिनियमशी प्रक्रिया करून पंप आतून फोडू शकतात. "पंप रिकामाच आहे, वापरू आज" असं ठरवण्याआधी त्याची बॉडी कशाची आहे ते बघा.

एका ठिकाणी मात्र दाब उतरवायचा उपाय चालत नाही: ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) फिल्टर प्रेसवर, जिथे गाळ कापडातून दाबून पाणी वेगळं करतात. गाळाचा थर, म्हणजे केक, भरत जातो तसा विरोध वाढतो, शेवटी ६ बार लागतातच. तिथे आम्ही रेफ्रिजरेटेड ड्रायर, म्हणजे हवा गार करून तिच्यातलं पाणी काढणारं यंत्र, लावला. त्याचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी सुटायला लागतं ते) लाइनच्या दाबाला ३ अंशांच्या आसपास राहतो. तेवढी कोरडी हवा आमच्या पंपाला पुरली, गेल्या पावसाळ्यात बर्फ धरला नाही. पण नव्या ऑपरेटरचा गोंधळ तिथेच जास्त होतो. प्रेस भरत आली की ठोका मंद होत जातो, अगदी मिनिटाला एकावर येतो. ते बर्फाचं लक्षण नाही, प्रेस भरल्याची खूण आहे. मफलरला हात लावून बघा. गार नसेल तर हवा बंद करा, फुस्स ऐका, फीड व्हॉल्व्ह बंद करा, ड्रेन उघडून गेज शून्यावर आलेला डोळ्यांनी बघा, आणि मगच प्रेसच्या प्लेटा आवळून धरणारा जॅक सोडा.